बटाटा सोडलेली बाई

ओळखदेख नसताना कोणी हातात खायची वस्तू घेऊन दारात उभं राहिलं, की मला आधी संशय येतो. इतरांना त्याचं कौतुक वाटतं, मला वाटतं आता ह्यांना काहीतरी हवं असणार. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये आम्ही टाउनहाउस घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते, म्हणजे बर्फ इकडचा तिकडे करत होते, तेव्हा शेजारच्या दारातून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. अंगात पुरुषी पार्का, पायात पुरुषीच बूट, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली आणि तिच्याखाली अर्धी दिसणारी टिकली. हातात लहान मुलाच्या डोक्याएवढा एक कंद होता, वरून जांभळा, खालून पिवळट आणि पॉलिश मारल्यासारखा चकचकीत. "मराठी ना? घ्या. रुटाबागा आहे. साल जाड काढा," एवढं म्हणून त्या आत निघून गेल्या. नाव नाही, गाव नाही, कधी आलात नाही.

ह्या सुमनकाकू. मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याबरोबर सत्तरच्या दशकात इकडे आल्या आणि मग इथल्याच झाल्या. भास्करकाका यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, मी आले तोवर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. पार्का त्यांचाच होता.

आता मी नागपूरची. आमच्याकडे गोल आणि टणक जे काही असेल ते आधी कुकरमध्ये जातं, त्याचं पुढे काय करायचं ते मग ठरतं. मी तो कंद धुतला, अख्खा मावेना म्हणून नवऱ्याकडून त्याचे तुकडे करून घेतले आणि बटाटे लावतो तसा सालासकट कुकरला लावला. साल काय, उकडल्यावर आपोआप सुटतं. दुसऱ्या शिट्टीला घरभर वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यासारखा वास सुटला. झाकण उघडलं तर पाण्यावर, भांड्याला, झाकणाच्या रबराला, सगळीकडे मेण. थंडीभर टिकावा म्हणून इकडे तो मेणात बुडवून विकतात, हे मला कोण सांगणार?

मी तणतणत कुकर घेऊन शेजारी गेले. काकूंनी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं.

"साल काढा म्हटलं होतं ना?"

"उकडल्यावर काढणार होते."

"बटाटा आहे का तो?" त्या म्हणाल्या.

ह्यात रागावण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी किटलीभर पाणी उकळून कुकरमध्ये ओतलं, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून मेण टिपून घेतलं, रबर वेगळं काढून घासलं आणि कुकर माझ्या हातात दिला. सॉरी नाही, चहा घेता का नाही. मग जाता जाता म्हणाल्या की उद्या दुपारी ये, चिरायला शिकवते. माझी सकाळची शिफ्ट होती, दुपार मोकळी होती, आणि खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात माझ्याशी मराठीत बोलणारं नवऱ्याखेरीज कोणी नव्हतं. गेले.

रुटाबागा चिरणं हा एक कार्यक्रमच असे. आधी निवड. "मोठा बघू नये, जड बघावा," हे त्या दुकानात प्रत्येक वेळी म्हणत आणि एकेक उचलून हातात तोलत. मोठा असेल तर आतून दोरे निघतात आणि मधे पोकळी असते. थंडी पडून गेल्यावरचा घ्यायचा, कारण शेतात गारठा खाल्ला की तो गोड होतो. शनिवारच्या बाजारात जुन्या पद्धतीने राहणारे मेनोनाइट पंथाचे शेतकरी घोडागाड्या घेऊन येतात, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याकडे बिनमेणाचा मिळायचा. तो आणि काकू एकमेकांशी कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. तो काकूंना बघून टोपलीतला तळाचा माल वर काढायचा.

मग घरी तळ कापून तो पाटावर सपाट बसवायचा, मोठी सुरी मधोमध रोवायची आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याने ठोकायचं. दोन फाका झाल्या की साल सुरीनेच काढायचं, सोलाण्याने नव्हे. साल आणि गर ह्यांच्यामधे एक फिकट रेघ दिसते, तिच्या आतपर्यंत जायचं, नाहीतर कडवटपणा राहतो. मग विळी. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई केंब्रिजच्या किचनमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून विळीवर बसायची आणि पिवळ्याधमक कापा पडत राहायच्या. फोडणीत मोहरी सढळ. हा मोहरीच्याच कुळातला, त्यामुळे दोघांचं जमतं, असं काकूंचं म्हणणं. हिंग, कढीपत्ता, हळद, मिरची, वर झाकणात पाणी ठेवून बारीक गॅसवर वाफ. शेवटी झाकण काढून कडा तांबूस होईपर्यंत परतायचं. ह्या त्यांच्या काचऱ्या. पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा मला त्या आवडल्या नाहीत. तसं मी बोलूनही दाखवलं. "तिसऱ्यांदा आवडतील," काकू म्हणाल्या, आणि मेलं तसंच झालं.

पुढे मी त्यांच्याकडे काय काय खाल्लं. ओव्हनमध्ये अख्खा भाजून दही, कच्चा कांदा आणि वरून फोडणी घातलेलं भरीत. कच्चा किसून दाण्याचं कूट, लिंबू आणि किंचित साखर घातलेली कोशिंबीर, ती तर माझी मुलगीसुद्धा चमच्याने खाते आणि मला विचारते, "मॉम, इज धिस मँगो?" गोडा मसाला, चिंच-गूळ आणि ओल्या नारळाचा रस्सा. भाजणीत किसून घातलेलं थालीपीठ. कैरीच्या लोणच्याचा मसाला घालून केलेलं लोणचं, जे इथल्या उन्हात मुरत नाही म्हणून फर्नेसजवळ बेसमेंटमध्ये मुरायला ठेवलेलं असे. खीरही करून झाली होती एकदा. तिच्याबद्दल काकांनी मला डोळ्यांनीच सांगितलं की विचारू नकोस.

मी एकदा सरळ विचारलं. म्हटलं, काकू, आता आपल्या ग्रोसरीत दुधी मिळतो, शेवगा मिळतो, तोंडली मिळतात. पूर्वी नव्हतं तेव्हा ठीक होतं, पण आता हा अट्टहास कशाला? आणि काचऱ्याच करायच्या तर बटाटा काय वाईट आहे?

तेव्हा मला काशीची गोष्ट कळली.

काकूंच्या सासूबाई गेल्या तेव्हा दोन्ही भाऊ आणि दोन्ही सुना अस्थी घेऊन काशीला गेले होते. थोरले दीर आणि जाऊबाई माँट्रियलकडे, ब्रॉसार्डला राहायचे. विधी झाल्यावर तिथल्या गुरुजींनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, आता प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडा, जन्मभरासाठी. हे सोडणं म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. लोक कारलं सोडतात. माझ्या आत्याने काशीला जाऊन सुरण सोडला होता, जो तिने जन्मात कधी तोंडात घातला नव्हता. काकांनी रामफळ सोडलं. थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे ललिताबाईंनी, पडवळ सोडलं. त्या काळात कॅनडात पडवळ चित्रातसुद्धा दिसत नसे. मग गुरुजींनी काकूंकडे पाहिलं, आणि काकू म्हणाल्या, बटाटा.

काकांनी म्हणे कोपराने ढोसलं. गुरुजीसुद्धा म्हणाले की बाई, नीट विचार करा, उपासाला पंचाईत होईल. पण काकूंना बटाटा सगळ्यांत जास्त आवडायचा, आणि आवडीचं सोडा म्हटलं होतं. त्या एवढंच म्हणत. परत आल्यावर कळलं की ज्या देशात सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, सूपमध्ये बटाटा, तिथे आपण हे काय करून बसलो. मग रुटाबागा सापडला.

मला हे ऐकून हसूच आलं. आमच्या नागपुरात अशा खुळ्या माणसाला भैताड म्हणतात. मी तसं म्हटलंही. काकू चिडल्या नाहीत. पोळ्या लाटता लाटता त्यांनी जे सांगितलं ते मात्र मला आजही आठवतं. सासूबाई आजारी असताना काकू इकडेच राहिल्या होत्या. मुलगा लहान, नवी नोकरी, ह्यंव आणि त्यंव. ललिताबाई मात्र सगळं टाकून मिरजेला जाऊन बसल्या आणि शेवटपर्यंत सासूचं सगळं केलं. "मी नुसती फोन करत राहिले गं. मग सोडताना तरी खोटेपणा नको असं वाटलं. एवढं एक शेवटपर्यंत पाळलं, की झालं." हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यांना आयुष्यात ह्याहून जास्त काही हवं होतं असं मला नंतरही कधी दिसलं नाही.

त्या घरात बटाटा येत नसे. पण सोडला होता तो काकूंनी, काकांनी नव्हे. काका त्यामुळे गाडीत बसून फ्राइज खायचे. मी कामावरून येताना त्यांची गाडी प्लाझाच्या पार्किंगमध्ये कडेला उभी दिसायची, आत काका समोर बघत, शांतपणे, एकेक फ्राय उचलून खाताना. काकूंना कळत नसेल असं मला वाटायचं. एकदा त्या गाडीतून काका आणि मी देवळात निघालो होतो, मी टिश्यू शोधायला समोरचा कप्पा उघडला. आत पेपर नॅपकिनची नवी गड्डी, मिठाच्या पुड्या आणि बडीशेपेची डबी. काका म्हणाले, हे सगळं ती ठेवते, मी विचारत नाही, तीही विचारत नाही. ह्या दोघांचं लग्न मला त्या दिवशी समजलं.

काकूंच्या स्वभावाला गोडवा बेताचाच. खोटं कौतुक करता येत नसे आणि खोटं कौतुक घेताही येत नसे. मंडळाच्या गणपतीला पॉटलक असायचं, त्यात काकू दरवर्षी वडे आणायच्या. ते रुटाबाग्याचे असायचे हे जुन्यांना ठाऊक होतं. वाफवलेला रुटाबागा पाणी धरतो, म्हणून तो पंचात बांधून पिळायचा, तव्यावर कोरडा होईपर्यंत परतायचा आणि धरून राहावा म्हणून थोडं भाजलेलं बेसन घालायचं. मग आलं-मिरची-लसूण, लिंबू, कोथिंबीर. एका वर्षी पुण्याहून नुकताच आलेला एक सॉफ्टवेअरवाला तरुण वड्यावर वडा खात होता. असा बटाटेवडा पुण्यातही मिळत नाही, असं त्याने चारचौघांत जाहीर केलं. काकू म्हणाल्या, बटाटा नाही त्यात, रुटाबागा आहे. त्याने हातातल्या अर्ध्या वड्याकडे पाहिलं, आणि तो हळूच प्लेटच्या कडेला ठेवला. म्हणाला, तरीच मला थोडा वेगळा लागत होता. काकूंनी तो अर्धा वडा त्याच्या प्लेटमधून उचलला, स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "आता प्रसाद टाकला असं व्हायला नको." तो मुलगा त्या वर्षी विसर्जनाला दिसला नाही.

आता ललिताबाईंचं सांगायला हवं.

काशीहून आल्यावर काही वर्षांनी ललिताबाईंच्या मुलीचं लग्न ब्रॉसार्डला झालं. नातलगांचा स्वयंपाक आदल्या दिवशी घरीच होता. ललिताबाईंनी काकूंसाठी वेगळ्या वाडग्यात कोफ्ते काढून ठेवले होते, खास सुमनसाठी, दुधीचे. काकूंनी ते मिटक्या मारत खाल्ले. वाडगा रिकामा झाल्यावर ललिताबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, बटाटा होता हो त्यात. बघा, काशी काही कोसळली नाही.

सगळे हसले. काकू उठल्या, हात धुतले आणि बाहेर जाऊन गाडीत बसल्या. लग्न न बघताच दोघं केंब्रिजला परत आले. त्यांनी मिरजेच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, नकळत खाल्लेलं धरत नाहीत, तुमचं अजून पाळलेलंच आहे. काकूंचा जीव भांड्यात पडला, पण त्या दिवसापासून जावाजावांचं बोलणं बंद झालं ते झालंच. भाऊ एकमेकांना फोन करत. काका अधूनमधून एकटे ब्रॉसार्डला जाऊन येत. दीर वारले तेव्हा काकू गेल्या, भेटायला आलेल्या लोकांत बसल्या आणि जावेशी एक शब्द न बोलता परतल्या. पुढे काका गेले तेव्हा ललिताबाईंनी काकूंच्या मुलाला फोन केला, काकूंना नाही.

मला ललिताबाईंचा मनस्वी राग यायचा. काकू मात्र ही गोष्ट सांगताना जावेची बाजूही सांगत, आणि ते मला खटकायचं. त्या म्हणत, वहिनींनी सहा महिने आईंचं हागणंमुतणं काढलं, त्याबद्दल कोणी त्यांची पाठ थोपटली नाही. मी एक बटाटा सोडला, तर गावभर माझं नाव झालं. वहिनींना राग येणारच. मी म्हणायचे, मग बोला ना त्यांच्याशी. त्यावर काकू म्हणत, राग येणं समजतं मला, पानात फसवणं समजत नाही.

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ललिताबाईंचा फोन आला. काकूंनी तो उचलला तेव्हा मी तिथेच बसले होते. पलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. काकू हं, हं करत राहिल्या, शेवटी म्हणाल्या, येते. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं की वहिनींचे डोळे गेले, समोरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसतं, आणि वासही कळत नाही आता. एकदा जेवायला ये म्हणतात. मग विचारलं, तुला सुट्टी कधी आहे.

काकूंचा मुलगा व्हँकुव्हरला असतो. तो त्यांना तिकडे न्यायच्या मागे होता, टाउनहाउस विकायला काढायचं चाललं होतं. जायचं तर आत्ताच, हे मलाही कळत होतं. विंटर टायर अजून लावले नव्हते म्हणून मी कुरकुर केली, पण लाँग वीकएंडच्या आधीचा एक दिवस रजा टाकली आणि आम्ही पहाटे निघालो. काकूंच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात लोणच्याची बरणी.

ललिताबाईंचा कॉन्डो तिसऱ्या मजल्यावर होता. दार एका मदतनीस बाईने उघडलं, ती फ्रेंच बोलायची, थोडं मोडकंतोडकं इंग्रजीही. ललिताबाई आत खुर्चीत ताठ बसलेल्या, बारीक चणीच्या, पांढरी वेणी, जरीकाठाची साडी. आम्ही आल्याचं कळल्यावर उठल्या आणि हात पुढे करून चालत आल्या. हात आधी माझ्याच दंडाला लागला. मी बाजूला झाले. दोघी जावा एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. रडारड झाली नाही. ललिताबाई म्हणाल्या, वाळलीस गं. काकू म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? हाताला कळतं, त्या म्हणाल्या.

पानं वाढलेलीच होती. वरण-भात, पोळ्या, चटणी, आणि मधोमध मोठ्या भांड्यात पिवळ्या काचऱ्या, कडा तांबूस, मोहरी भरपूर. ललिताबाई काकूंच्या अगदी समोर बसल्या आणि चेहरा आवाजाच्या दिशेला धरून म्हणाल्या, "तुझा रुटाबागा केलाय. भास्करभावोजींनी एकदा कृती सांगितली होती, ती डोक्यात होती. ह्या बाईकडून चिरून घेतला, पण परतला मी स्वतः. ह्या वेळी बटाट्याचा कणही नाही. खा निर्धास्त."

मी पाणी आणायला किचनमध्ये गेले. ओट्यावर पातेल्याशेजारी कचऱ्याची पिशवी उघडी होती आणि तिच्यात बटाट्याची सालं. पातळ, तपकिरी, ओळखू न येण्यासारखं काहीच नव्हतं. मदतनीस बाईने माझी नजर पाहिली आणि दबक्या आवाजात सांगितलं की दुकानात रुटाबागा नव्हता. हे पिवळे बटाटे चांगले असतात, मऊ शिजतात, मादामला दिसत नाही, सकाळपासून इतक्या खूश होत्या की सांगवलं नाही. त्या बिचारीला काय माहीत.

मी पाण्याचा जग तसाच टाकून धावत बाहेर आले. काकूंनी पहिला घास तोंडात घातला होता. आयुष्यभर ज्या बाईने बटाट्याच्या जागी दुसरं काहीतरी उभं करण्यात हात झिजवले, तिला तो जिभेवर आल्याबरोबर कळला नसेल असं होणारच नाही. त्यांचा हात पोळीवर थांबला होता. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच मान हलवली, गप्प बस म्हणून.

"कसा झालाय?" ललिताबाईंनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते.

काकूंनी घास चावला, गिळला. नकळत खाल्लेलं धरत नाहीत, असं गुरुजी म्हणाले होते. हे नकळत नव्हतं.

"मला असा कधी साधला नाही, वहिनी," काकू म्हणाल्या. "आणखी वाढा."

ललिताबाईंनी चाचपडत डाव शोधला आणि वाढला. काही काचऱ्या पानाबाहेर पडल्या, त्या काकूंनी उचलून पानात घेतल्या आणि पान स्वच्छ केलं. खोटं कौतुक न करता येणारी बाई जेवण संपेपर्यंत त्या भाजीबद्दल बोलत होती. मोहरी कशी बरोबर तडतडलीय, कडा कशा खरपूस आल्यात. ललिताबाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग दोघी मिरजेचं, आईंचं, कुठल्याशा हरवलेल्या तांब्याचं बोलत बसल्या. मी खाली मान घालून वरण-भात संपवला. मला रडू येत होतं आणि त्या मदतनीस बाईचा राग येत होता, आणि तो राग अगदी अन्यायाचा होता हेही कळत होतं.

निघताना ललिताबाईंनी उरलेली भाजी पोळ्यांबरोबर डब्यात भरून दिली. वाटेत खा म्हणाल्या.

ह्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा काकूंना व्हँकुव्हरला घेऊन गेला. तिथेच त्या ह्या मार्चमध्ये गेल्या. मंडळात शोकसभा झाली, लोक बरंच बोलले, रुटाबाग्याचा विषय निघून हशाही झाला. ब्रॉसार्डचं मी कोणाला सांगितलं नाही. पण परतीच्या वाटेवरचं सांगते, कारण मला काकू आठवतात त्या तशाच.

किंग्स्टन मागे टाकल्यावर आम्ही हायवेवरच्या एका सर्व्हिस सेंटरला थांबलो. मी मनात म्हणत होते की जे व्हायचं ते झालं, निदान आता ही बाई सुटली. म्हातारपणी तरी आवडीचं खाऊ दे. मी कॉफीबरोबर गरम फ्राइजचा मोठा पुडा घेतला आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला.

काकूंनी पुडा बोटाने माझ्याकडे सरकवला. "मला कशाला? बटाटा खात नाही मी."

म्हटलं, काकू, आणि मघाशी?

"मघाशी वहिनींनी केलेलं जेवले."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून ललिताबाईंचा डबा काढला, झाकण उघडलं, पोळीचा तुकडा मोडला आणि ती गार भाजी चवीने खायला लागल्या. मला विचारलं, घेतेस का. मी नको म्हटलं. काकूंनी सगळी संपवली आणि डब्याच्या कडेला चिकटलेली शेवटची काचरी बोटाने निपटून खाल्ली.